बीज माणसाचे, वाढ समुद्राची

समुद्रातले मासे कमी झाले की सगळ्यांना एकच उपाय सुचतो. तळ्यात जसे मत्स्यबीज सोडतात, तसे ते समुद्रातही सोडावे. दोन-चार वर्षांत जाळी पुन्हा भरू लागतील. उपाय ऐकायला सरळ आहे आणि आता त्याला सरकारी पाठबळही आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत किनाऱ्यालगत कृत्रिम भित्तिका उभारणे आणि समुद्रात बीज सोडणे या दोन्ही गोष्टींचा समावेश आहे. तमिळनाडूत मंडपम येथे असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने पाल्कच्या सामुद्रधुनीलगत आणि मन्नारच्या आखातात हिरव्या पट्टेरी कोळंबीचे कोट्यवधी बीज सोडले आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर पापलेट, घोळ, रावस यांची आवक घटल्याची तक्रार तर जुनीच आहे. त्यामुळे "मग आपल्याकडे का सोडत नाहीत?" हा प्रश्न बंदरांवर फिरताना मला हमखास ऐकावा लागतो.

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर देण्याआधी, हाच उद्योग गेली सव्वाशेहून अधिक वर्षे मोठ्या चिकाटीने करणाऱ्या एका देशाचा अनुभव पाहणे शहाणपणाचे ठरेल. तो देश म्हणजे जपान आणि तो मासा म्हणजे सॅमन. (आपल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर 'इंडियन सॅमन' म्हणून जो येतो तो बिचारा आपला रावस. त्याचे आणि सॅमनचे नाव सोडून काही नाते नाही.) सॅमन नदीत जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो, तिथे वाढतो आणि अंडी घालायला बहुधा आपल्या जन्मनदीतच परत येतो. पॅसिफिक महासागरातला सॅमन अंडी घातल्यावर मरतो. मासा आपणहून घरी परतत असल्यामुळे सोडलेल्या पिल्लांपैकी किती परतली याचा हिशेब मांडता येतो. इतर समुद्री माशांच्या बाबतीत ही सोय सहसा नसते. म्हणूनच सॅमनचा अनुभव आपल्याला बरेच काही शिकवू शकतो.

यशाची वर्षे

इतो काझुताका नावाचा होक्काइडोचा एक अधिकारी १८८६ साली अमेरिकेला गेला. तिथल्या मेन राज्यात बक्सपोर्ट येथील केंद्रात त्याने सॅमनची अंडी उबवण्याची रीत पाहिली आणि परतल्यावर १८८८ मध्ये होक्काइडो बेटावर चितोसे येथे केंद्र उभे राहिले. रीत तशी सोपी आहे. नदीत परतलेल्या मादीची अंडी काढायची, त्यांचे नराच्या शुक्ररसाने फलन करायचे आणि वाहत्या थंड पाण्यात ती हिवाळाभर जपायची. वसंतात पिल्ले नदीत सोडली की ती आपली आपण समुद्राकडे निघतात. जपानमध्ये प्रामुख्याने ज्या जातीचे असे संगोपन होते, तिला 'चम सॅमन' म्हणतात.

पहिली सत्तर-ऐंशी वर्षे या खटाटोपाचे फळ बेताचेच होते. परतणाऱ्या माशांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास किंवा त्याहून कमीच राहिली. १९६० च्या दशकात एक महत्त्वाचा बदल झाला. तोवर पिल्ले उपाशीच सोडली जात. आता त्यांना केंद्रातच खाऊ घालून सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची आणि एक ग्रॅम वजनाची करून मग सोडू लागले. पाठोपाठ संख्याही वाढवली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून जपान दरवर्षी दोनशे कोटींच्या आसपास पिल्ले सोडू लागला. परिणाम डोळे दिपवणारा होता. १९९६ मध्ये जपानच्या किनाऱ्यावर सुमारे ८ कोटी ८० लाख चम सॅमन परतले. सोडलेल्या शंभर पिल्लांमागे चार मासे घरी यावेत, ही मत्स्यशास्त्रात मोठीच गोष्ट होती. साऱ्या जगातून तज्ज्ञ होक्काइडोची वारी करू लागले.

त्यानंतर मात्र उतार लागला. २०१९ च्या सुमारास परतणारे मासे दोन कोटींच्या आसपास आले. होन्शू बेटावरच्या इवाते प्रांतात १९९६ च्या सुमारास वर्षाला सत्तर हजार टनांहून अधिक सॅमन मिळत असे. २०२३ पर्यंत तो आकडा काही शे टनांवर घसरला. मधल्या काळात मार्च २०११ ची त्सुनामी आली. तिने नेमक्या पिल्ले सोडण्याच्या हंगामात या भागातली अनेक केंद्रे उद्ध्वस्त केली, हे खरे. परंतु केंद्रे पुन्हा उभी राहिली, पिल्ले पुन्हा सुटू लागली, तरी मासे परतले नाहीत. तंत्र तेच, माणसे तीच, कौशल्य तर पूर्वीपेक्षा वाढलेले. मग उणे काय पडले?

एक ग्रॅम आणि तीन किलो

याचे उत्तर एका साध्या हिशेबात सापडते. केंद्रातून निघताना पिल्लाचे वजन एक ग्रॅम. साधारण चार वर्षांनी परतणाऱ्या माशाचे वजन तीन-साडेतीन किलो. म्हणजे वाढ तीन हजार पटींहून अधिक. हातात येणाऱ्या प्रत्येक किलो मांसातले एक ग्रॅमदेखील केंद्राच्या खाद्यातून आलेले नसते. बाकी सारे समुद्राने घातलेले असते. पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनात खाद्य आपण टाकतो आणि बिलही आपण भरतो. मोकळ्या समुद्रात बीज सोडतो तेव्हा जेवण समुद्राकडे असते. त्यामुळे किती अंडी उबली याइतकाच, सुटलेल्या पिल्लाला कुठे, केव्हा आणि किती जणांच्या पंगतीत जेवायला मिळाले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हा हिशेब माशाच्या अंगावरच लिहिलेला असतो. झाडाच्या खोडात जशी वर्षावलये दिसतात तशी खवल्यावरही कडी असतात. खाणे भरपूर मिळाले की कडी रुंद पडतात, हिवाळ्यात किंवा उपासमारीत ती दाटतात. परतलेल्या माशाचे एक खवले सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की तो पहिल्या वर्षी किती वाढला आणि तिसऱ्या वर्षी किती, हे मोजता येते. केंद्रातला मासा ओळखायची युक्ती तर आणखी गमतीची आहे. अंडी उबत असताना पाण्याचे तापमान ठरावीक क्रमाने बदलले, की पिल्लाच्या कानातल्या खड्यावर रेघांचा एक संच उमटतो आणि तो जन्मभर टिकतो. हजारो मैलांवर पकडलेला मासा कोणत्या केंद्रातला, हे त्यावरून कळते.

पेरणी चुकली की

वाढीवर परिणाम करणारी पहिली गोष्ट म्हणजे वेळ. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वाफसा आल्याशिवाय पेरणी केली तर उत्तम बियाणेही जमिनीत कुजते. जपानच्या किनाऱ्यावर पिल्लांसाठी समुद्राचे पाणी पाच अंशांच्या वर जावे लागते. त्याहून थंड पाण्यात ती वाढत नाहीत. उलट पाणी तेरा अंशांच्या पुढे गेले की त्यांना तिथे राहणे मानवत नाही. तोवर त्यांनी सात-आठ सेंटिमीटरचे होऊन उत्तरेला ओखोत्स्क समुद्राकडे कूच केलेले असावे लागते. या दोन तापमानांमधले काही आठवडे हाच त्यांचा वाफसा. अलीकडच्या वर्षांत किनाऱ्यावरचे पाणी झपाट्याने तापते आणि हा काळ आखूड होतो. पिल्लू पुरते वाढण्याआधीच घर सोडायची वेळ येते.

त्याच काळात पिल्लांचे खाद्यही तयार असावे लागते. हे खाद्य म्हणजे कोपेपॉडसारखे डोळ्यांना जेमतेम दिसणारे तरंगते जीव. त्यांचा बहर आणि पिल्लांचे आगमन जुळले तर त्या वर्षीची पिढी जगते, चुकामूक झाली तर उपाशी मरते, हा विचार ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंग यांनी मांडला. पहिल्या काही महिन्यांत पिल्लू जितके भरभर वाढेल तितके ते पक्ष्यांच्या आणि मोठ्या माशांच्या तोंडातून सुटते. पुढे पहिल्या हिवाळ्याआधी त्याने एक ठरावीक आकार गाठला नाही तर अंगातला साठा पुरत नाही आणि ते थंडीत दगावते. म्हणजे वाढ आणि जगणे या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. हळू वाढलेले पिल्लू लहान मासा होत नाही, ते बहुतेक वेळा मासाच होत नाही.

तापमानाची गोष्टही एकमार्गी नाही. होक्काइडोच्या सॅमनच्या खवल्यांवरून असे दिसले, की ओखोत्स्क समुद्र थोडा उबदार झाला त्या वर्षांत पिल्लांची पहिल्या वर्षाची वाढ चांगली झाली. म्हणजे उत्तरेला तीच ऊब वरदान आणि घरच्या किनाऱ्यावर तीच शाप. दरम्यान, होक्काइडोच्या जाळ्यांत पूर्वी क्वचित दिसणारा 'बुरी' हा तुलनेने उबदार पाण्यातला मासा गेल्या दशकात भरभरून मिळू लागला आहे. समुद्र रिकामा झालेला नाही. त्यातली बिऱ्हाडे बदलली आहेत.

एका गायरानात किती गुरे?

दुसरी गोष्ट म्हणजे गर्दी. ओखोत्स्कमधून निघालेला जपानचा सॅमन पुढे बेरिंग समुद्रात उन्हाळे काढतो आणि अलास्काच्या आखातापर्यंत जातो. तिथे तो एकटा नसतो. रशियाचे, अलास्काचे, कॅनडाचे सॅमन त्याच कुरणात चरत असतात आणि या देशांतही उबवणी केंद्रे आहेत. सारे मिळून उत्तर पॅसिफिकमध्ये दरवर्षी सुमारे पाचशे कोटी पिल्ले सोडतात. रुगेरोन आणि अर्विन या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जो ताळेबंद मांडला, त्यानुसार १९९० ते २०१५ या काळात दरवर्षी सरासरी ६६ कोटींहून अधिक प्रौढ सॅमन या महासागरात होते आणि लहानमोठे मिळून सॅमनच्या एकूण वजनात सुमारे ४० टक्के वाटा केंद्रांतून आलेल्या माशांचा होता.

याचा परिणाम माशांच्या अंगावर दिसला. १९७५ ते १९९३ या काळात उत्तर पॅसिफिकमधल्या सॅमनच्या ४७ समूहांची मापे तपासली गेली, तेव्हा त्यांपैकी ४५ समूहांचे सरासरी आकारमान घटलेले आढळले. मासे संख्येने वाढले आणि अंगाने रोडावले. निसर्गाने या संदर्भात एक आपसूक प्रयोगही मांडून ठेवला आहे. 'पिंक सॅमन' या जातीचे आयुष्य बरोबर दोन वर्षांचे असते आणि विषम वर्षांत तिची संख्या बऱ्याच भागांत खूप मोठी असते. अशा वर्षी बेरिंग समुद्रातला चम सॅमन आपले नेहमीचे सकस खाद्य सोडून जेलीसारख्या पाणचट जीवांवर भूक भागवताना आढळला आहे. पंगतीत चपळ पाहुणे आधी बसले की मागून येणाऱ्याच्या पानात आमटीचे पाणीच उरते, तसाच हा प्रकार.

आपल्या खेड्यांतल्या गायरानाची गोष्ट याहून वेगळी नाही. गायरान सर्वांचे, गुरे ज्याची त्याची. प्रत्येकाला वाटते, आपले एक जनावर वाढले तर काय बिघडले? उत्तर पॅसिफिकमध्ये देशच गुरे सोडणारे झाले आहेत. या महासागरातल्या सॅमनसाठी १९९३ पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. खोल समुद्रातली सॅमनची मासेमारी बंद ठेवण्याचे आणि माहितीच्या देवाणघेवाणीचे काम तो करतो. पण कोणी किती पिल्ले सोडावीत याची वाटणी कोणी केलेली नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये केंद्रांमुळे मासळी वाढली, असे तिथल्या व्यवसायाचे म्हणणे आहे आणि काही शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने आहेत. रे हिलबोर्न आणि डग एगर्स यांनी २००० साली त्याला हरकत घेतली. केंद्रांतल्या माशांनी भर घालण्याऐवजी नैसर्गिक माशांची जागाच बऱ्याच अंशी घेतली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर प्रत्युत्तरेही आली. हा वाद मिटणे अवघड आहे. कारण १९७६-७७ च्या सुमारास उत्तर पॅसिफिकचे हवामानच सॅमनला अनुकूल झाले होते. केंद्रांचा विस्तार आणि समुद्राची कृपा एकाच वेळी आली. पीक चांगले आले ते खतामुळे की पावसामुळे, हे मग कोणी ठरवायचे? जपानच्या वैभवाच्या वर्षांतही या दोन्हींचा वाटा होता. श्रेय मात्र सगळे केंद्रांच्या नावावर मांडले गेले.

नॉर्वेने काय केले?

सॅमन हा घरी परतणारा मासा. न परतणाऱ्या माशांचा अनुभव याहून बोलका आहे. नॉर्वेत फ्लोडेविगेन येथे दानेविग नावाच्या कप्तानाने १८८० च्या दशकात कॉड माशाची अंडी उबवून पिल्ले समुद्रात सोडायला सुरुवात केली. हा उपक्रम १९७१ पर्यंत चालला. इतक्या वर्षांत त्यामुळे कॉड वाढल्याचा खात्रीचा पुरावा मिळाला नाही. १९९० ते १९९७ या काळात नॉर्वेने पुन्हा एकदा, या वेळी मोठी पिल्ले सोडून आणि खुणा करून, पद्धतशीर प्रयोग केला. कॉडच्या बाबतीत निष्कर्ष तोच निघाला. खाडीत जेवढे अन्न तेवढाच कॉड. पिल्ले वाढवली म्हणून एकूण उत्पन्न वाढले नाही. नॉर्वेने तो कार्यक्रम थांबवला. मला या देशाचे कौतुक वाटते ते त्यासाठी. प्रयोग करताना मोजमाप ठेवले होते, म्हणून थांबायचे केव्हा हेही कळले.

यशाचीही उदाहरणे आहेत. होक्काइडोतच स्कॅलप या शिंपल्याचे बीज समुद्रतळावर पेरतात आणि ते उत्तम येते. पण तिथे आधी शिंपले खाणारे तारामासे काढून टाकतात, क्षेत्राचे तुकडे पाडून आळीपाळीने पेरणी आणि काढणी करतात आणि त्या क्षेत्राचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. शिंपला पेरल्या जागेपासून फार दूर जात नाही. ज्याने पेरले त्यालाच पीक मिळते, म्हणून राखणही होते.

आपल्या किनाऱ्याचे काय?

आता कोकणाकडे वळू. आपल्याकडे समुद्री माशांचे बीज तयार करण्याची विद्या आहे. रायगडकरांच्या आवडत्या जिताड्याचे बीज चेन्नईच्या संस्थेने १९९७ मध्येच बंदिस्त प्रजननातून तयार केले. मंडपमच्या केंद्राने त्यानंतर कोबिया आणि पॉम्पॅनो या माशांतही ते साधले. पिंजऱ्यात किंवा तळ्यात वाढवण्यासाठी हे बीज मोलाचे आहे. मोकळ्या समुद्रात ते सोडायचे म्हटले, की जपानने आणि नॉर्वेने विचारायला शिकवलेले प्रश्न पुढे येतात. सोडण्याच्या जागी त्या महिन्यात खाद्य आहे का? ते खाणारे दुसरे किती आहेत? पिल्लू किती मोठे करून सोडायचे? आणि पुढे सापडलेला मासा आपण सोडलेलाच आहे, हे ओळखायचे कसे?

याखेरीज आपला एक खास प्रश्न आहे. हर्णैच्या किनाऱ्यावरच्या लिलावात एका मावशींच्या पाटीत मी तळहातात मावतील एवढी पापलेटे पाहिली. "मावशी, इतकी बारकी कशाला आणली?" असे विचारले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आमी नाय घेतली तर दुसरा घेनारच ना, दादा." त्यांच्या बोलण्यात चूक काढणे सोपे आहे. पण पाचशे कोटी पिल्ले सोडणारे देश एकमेकांकडे बोट दाखवून नेमके हेच म्हणत आहेत.

२०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. समुद्राने स्वतःच्या खर्चाने जन्माला घातलेले, योग्य वेळी योग्य जागी आणून सोडलेले पिल्लू आपण वाढायच्या आत उचलतो आणि मग पैसे खर्चून केंद्रातले पिल्लू त्याच्या जागी सोडू पाहतो, हा व्यवहार कोणत्याही गृहिणीला पटणार नाही. खाड्यांतली खारफुटी आणि उथळ चिखलटे ही आपली फुकटची उबवणी केंद्रे आहेत. तिथे भराव आणि कारखान्यांचे सांडपाणी जात असेल, तर बाहेर सोडलेल्या बीजाने ती उणीव भरून निघणार नाही.

बीज सोडूच नये, असे माझे म्हणणे नाही. एखादी जात एखाद्या खाडीतून जवळजवळ नाहीशी झाली असेल, तिचे खाद्य आणि जागा शाबूत असेल, तर बीज सोडून तिला हात देणे योग्यच आहे. मात्र त्यासाठी काही अटी हव्यात. सोडलेल्या बीजावर खूण असावी. बीज न सोडलेली शेजारची खाडी तुलनेसाठी राखावी. दोन्हीकडच्या माशांची संख्या, वजन आणि खवल्यांवरची वाढ पाच-सहा वर्षे मोजावी आणि ते आकडे मच्छीमार सोसायट्यांपुढे मराठीतून ठेवावेत. फायदा दिसला नाही तर नॉर्वेप्रमाणे थांबण्याची तयारीही हवी.

आज मात्र यशाचे माप उलट्या बाजूने घेतले जाते. इतके लाख बीज सोडले, असा आकडा कार्यक्रमाच्या दिवशीच जाहीर होतो आणि विषय संपतो. जपान वर्षानुवर्षे दोनशे कोटींच्या आसपास पिल्ले सोडत राहिला आणि ती संख्या फारशी बदलली नव्हती, तेव्हाच समुद्रातून परत येणारा आकडा घसरू लागला. आपल्या किनाऱ्यावर पुढच्या वेळी बीज सोडण्याचा समारंभ होईल तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी एवढेच विचारावे: मागच्या वेळी सोडलेल्यांपैकी किती वाढले, आणि ते तुम्ही कसे मोजले?